शायनी ब्राइट: जुनी पेटी, नवी पेटी आणि त्यांना शोभेल असं झाड

साधे एकरंगी आणि पट्ट्यांचे गोळे जुने घ्यावेत, चित्रविचित्र आकार नवे घेतले तरी चालतात, आणि या दोन्हींच्या आधी दिव्यांवर पैसे टाकावेत. शायनी ब्राइट, म्हणजे नाताळच्या झाडावर टांगायचे अमेरिकन काचेचे गोळे, यांबद्दलचा निकाल एवढाच, पुढे त्याची कारणं. नाताळचं झाड १९५० सालचं दिसावं अशी हौस असलेले बहुतेक जण आधी ‘व्हिंटेज’ लिहिलेले गोळे मागवतात. ते गच्च पानांच्या प्लास्टिकच्या झाडावर, तांदळाएवढ्या एलईडी दिव्यांच्या उजेडात टांगतात. मग काहीतरी कमी पडतंय असं वाटून आणखी गोळे मागवतात. गोळ्यांचा त्यात काहीच दोष नसतो. त्या काळच्या झाडावर दिवे मोठे आणि मोजके होते, फांद्यांमध्ये मोकळी जागा होती आणि चंदेरी झिरमिळ्या सरळ खाली लोंबत होत्या. हे तीन जमले तर साधे गोळेही पुरतात.

पेटीत नेमकं काय असतं

मॅक्स एकार्ट हे जर्मनीहून काचेचे गोळे आणून अमेरिकेत विकणारे व्यापारी. त्यांनी १९३७ मध्ये शायनी ब्राइट सुरू केली. युरोपात युद्ध पेटलं की जर्मन माल बंद होणार हे त्यांना दिसत होतं, म्हणून त्यांनी कॉर्निंग ग्लास वर्क्सला गाठलं. विजेच्या दिव्यांचे काचेचे फुगे भराभर काढणारं रिबन यंत्र कॉर्निंगकडे होतं. पेनसिल्वेनियातल्या वेल्सबरोच्या कारखान्यात त्याच तंत्राने नाताळचे गोळे निघू लागले. तोवर हा माल मुख्यतः जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या लाउशा गावातून यायचा, तिथे एकेक गोळा तोंडाने फुंकून घडवत. शायनी ब्राइटचे कारखाने न्यू जर्सीत होबोकेन, अर्विंग्टन, नॉर्थ बर्गन आणि वेस्ट न्यूयॉर्क इथे होते. जर्सीतल्या मराठी मंडळींना ही नावं रोजच्या रस्त्यावरची आहेत, आणि तिथे जुन्या घरांचं सामान विकायला निघतं तेव्हा या पेट्या अजून हाती लागतात.

गोळ्याची रचना एकदा समजली की पुढची निम्मी काळजी आपोआप कळते. पातळ काचेच्या आतून चांदीचा मुलामा, बाहेरून रंगीत रोगण. म्हणजे चमक आत आणि रंग बाहेर. बाहेरचा रंग पाण्याने सुटतो, आतली चांदी दमट हवेने काळवंडते. टोपण हरवलेला किंवा सैल टोपणाचा गोळा आतून लवकर डागाळतो, कारण मानेच्या भोकातून हवा थेट चांदीपर्यंत जाते.

युद्धाच्या वर्षांत चांदी आणि पत्रा दोन्ही महाग झाले, आणि ते गोळ्यांवर सरळ दिसतं. आतला मुलामा गेला, पारदर्शक काचेवर फिकट रंगांचे बारीक पट्टे आले, काहींच्या आत बेगडाची एखादी झुबकी ठेवलेली असते. मग पत्र्याचं टोपणही गेलं आणि त्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा आला. असा पारदर्शक, पुठ्ठ्याच्या टोपणाचा गोळा मिळाला तर तो युद्धकाळातला धरायला हरकत नाही. दिसायला तो मलूल असतो. अंधारात काहीच चमकत नाही, पण मागे दिवा असेल तर पट्टे हवेत तरंगल्यासारखे दिसतात. म्हणून त्याची जागा दिव्याच्या पुढे, फांदीच्या टोकाला. मुलाम्याच्या गोळ्याला उलट चालतं, तो दिव्याच्या बाजूला किंवा खाली टांगावा, म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब त्यात पडतं.

युद्धानंतर चांदी आणि धातूची टोपणं परत आली. या टोपणांवर शायनी ब्राइट आणि मेड इन यूएसए असं दाबून उमटवलेलं असतं. सांताक्लॉज आणि अंकल सॅम हात मिळवताना दाखवलेली पेटी सगळ्यांच्या ओळखीची. १९५० च्या दशकात घंटा, कंदील, भोवऱ्याचा आकार, कमरेला कडं असलेले शनीसारखे गोळे, आणि पोटात खोल खाच असलेले ‘रिफ्लेक्टर’ असे प्रकार वाढले. १९६० नंतर प्लास्टिकने बाजार खाल्ला आणि हा माल थांबला.

टोपणावर विसंबून मात्र राहू नका. टोपणं एका गोळ्यावरून दुसऱ्यावर सहज जातात, आणि वीस वर्षं एका पेटीत राहिलेल्या गोळ्यांची टोपणं घरातल्या कोणीतरी केव्हातरी बदललेलीच असतात. तरी काळ लावायला टोपणावरची अक्षरं उपयोगी पडतात. ‘यूएस झोन जर्मनी’ असेल तर युद्ध संपल्यापासून १९४९ पर्यंतचा माल, ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर त्यानंतरचा आणि १९९० च्या आधीचा, ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९४५ ते १९५२ मधला. हे सगळे गोळे ‘शायनी ब्राइट’ म्हणून विकले जातात, कारण विक्रेत्यांनी ते नाव आता कुठल्याही जुन्या काचेच्या गोळ्याला लावायचं ठरवलंय. जर्मन आणि पोलिश गोळे वाईट नसतात, कित्येकदा रंगकाम जास्त नाजूक असतं. फक्त नावासाठी जादा दाम देऊ नका.

जुनी पेटी घेताना

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घेऊ नका. भाव तेव्हा चढलेले असतात आणि चांगला माल आधीच उचललेला असतो. जानेवारीचा शेवट ते उन्हाळा हा घेण्याचा काळ.

ऑनलाइन फोटोत तीन गोष्टी लपतात. पहिली मान. टोपणाखाली काचेची कड कागदासारखी पातळ असते आणि टोपण ओढून काढताना तिचे टवके उडतात. कड फुटलेली असली तरी टोपण तिच्यावर बसतं आणि फोटोत काहीच दिसत नाही, पण झाडावर आठवड्याभरात गोळा टोपणातून निसटून खाली येतो. विक्रेत्याकडे टोपण काढलेल्या दोन-तीन गोळ्यांचा फोटो मागा. देत नसेल तर पेटी सोडून द्या. दुसरी गोष्ट मागची बाजू. रंगाचे पापुद्रे बहुधा एकाच बाजूने गेलेले असतात, जी बाजू वर्षानुवर्षं पुठ्ठ्याला टेकून होती ती. तिसरी, आतले डाग. बाहेरचा मळ आणि आतलं काळवंडणं फोटोत सारखंच दिसतं. गोळा पुसल्यावर डाग जागेवर राहिला तर तो आतला, आणि त्यावर कसलाही उपाय नाही.

एकसारखी मंद झालेली चमक हा दोष धरू नये, जुन्या मालाची शोभा तीच आहे. दाट काळे ठिपके, मुलामा उडून काच आरपार दिसणं किंवा हाताला लागणारी रंगाची भुकटी असेल तर तो गोळा झाडाच्या मागच्या बाजूला. रिकाम्या घरांची, तुटक पेटी असेल तर घाबरू नका. अखंड पेटीचे पैसे संग्राहक मोजतात, झाड सजवणाऱ्याने मिसळीचे सुटे गोळे घ्यावेत. तेच स्वस्त पडतात आणि तेच खरे दिसतात, कारण त्या काळच्या घरातही दर वर्षी दोन फुटत आणि चार नवे येत, त्यामुळे एकाही झाडावर एकच जोड कधी नव्हती.

पेटी घरी आली की पाण्याचा हात लावायचा नाही. ओलं फडकं, भांड्यांचा साबण, काचेवर मारायचा निळा फवारा, सगळं वर्ज्य. मऊ, कोरडा, रंगाचा चपटा ब्रश घ्या आणि टोपणापासून खाली हलक्या हाताने धूळ झाडा. चिकट मळ असेल तर कापसाच्या काडीला जेमतेम ओल द्या, तळाला चुकून दिसणार नाही अशा ठिकाणी लावून बघा. काडीवर रंग उतरला तर तिथेच थांबा. टोपण काढायचंच असेल तर वरची कडी दाबून दोन्ही पाय आत घ्या आणि टोपण सरळ वर उचला, पिळू नका. गोळा त्या वेळी तळहातात धरावा, टेबलावर टेकवून दाब देऊ नये.

नव्या पेट्या

या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्टोफर रॅडको यांनी हे नाव पुन्हा बाजारात आणलं. नव्या पेट्यांवर रॅडकोचं नाव असतं आणि पेटीचं चित्रकाम जुन्याची आठवण देणारं असतं. आकारांच्या बाबतीत नवा माल उजवा आहे. खोल खाचेचे रिफ्लेक्टर, भोवरे, लांब निमुळते थेंब हे जुन्यात मिळाले तरी रंग टिकलेले मिळणं कठीण. नव्यात ते धड मिळतात आणि एका पेटीत हव्या त्या रंगसंगतीत मिळतात.

खटकतं ते रंगात आणि चमकीत. जुना गुलाबी हा मळका गुलाबी असतो, जुना निळा थोडा हिरव्याकडे झुकतो, पट्टे हाताने ओढल्यासारखे जाडे-बारीक असतात. नव्यातले रंग झणझणीत आणि चमकी सढळ हाताने टाकलेली. दहा नवे गोळे एकत्र टांगले की झाड दुकानाच्या काचेतलं वाटायला लागतं. म्हणून प्रमाण ठेवा: सहा जुन्यांमागे एक नवा, तोही आकाराने वेगळा असलेला. साधे गोल गोळे नव्या पेटीतून घेण्यात अर्थ नाही, तेच पैसे जुन्या मिसळीत टाकले तर जास्त गोळे येतात.

आकृत्या हव्या असतील, म्हणजे पक्षी, अक्रोड, सनईवाला, घरकुल, तर शायनी ब्राइटपेक्षा जर्मन माल बघावा. कोबुर्गजवळच्या नॉयश्टाटची इंगे-ग्लास जुन्या साच्यांत फुंकलेले आकार करते आणि त्यांच्या टोपणाचा आकार पाच टोकांच्या ताऱ्याचा असतो, त्यावरून लगेच ओळखू येतो. शेपटीला काचेचे तंतू असलेला, चिमट्यावर बसणारा पक्षी हा जुन्या झाडावर हमखास असे. चिमटा फांदीच्या टोकाला लावू नका, वजनाने पक्षी उलटा होतो. टोकापासून चार-पाच इंच आत, जाड डहाळीवर लावा.

मण्यांच्या माळांसाठी चेक मालाला तोड नाही. पोनिक्ला गावात काच फुंकून मणी करायची आणि त्यांची सजावट ओवायची रीत अजून चालू आहे, आणि २०२० मध्ये युनेस्कोने ती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. जुनी माळ विकत घेतली तर दोरा कुजलेलाच आहे असं समजा. झाडावर चढवण्याआधी ट्रेमध्ये टॉवेल पसरून ती सोडवा आणि दात साफ करायच्या मेण लावलेल्या दोऱ्यात (डेंटल फ्लॉस) पुन्हा ओवा. काचेच्या मण्याच्या कडेला धार असते, साधा शिवणकामाचा दोरा ती एका हंगामात कापते.

झाड आणि दिवे

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. आजच्या कृत्रिम झाडांची जाहिरात फांद्यांच्या टोकांच्या संख्येवर चालते, जितकी टोकं जास्त तितकं झाड महाग. आपल्याला याच्या नेमकं उलटं हवं. गोळा लोंबला की त्याच्या खाली चार बोटं रिकामी हवा असली पाहिजे. गच्च झाडावर तो पानांवर टेकतो, तिरका होतो आणि अर्धाच दिसतो. त्यामुळे ‘विरळ’ किंवा ‘अल्पाइन’ नावाने मिळणारं, मधला बुंधा दिसणारं झाड घ्या. गच्च झाड आधीच घरात असेल तर दर तिसरी डहाळी मागे, बुंध्याकडे वळवून दाबून टाका. दहा मिनिटांचं काम आहे आणि फरक ताबडतोब दिसतो.

खरं झाड घेत असाल तर बाल्सम फर किंवा नोबल फर. नोबलच्या फांद्यांचे मजले वेगवेगळे दिसतात आणि त्या ताठ असतात, काचेचं वजन पेलतात. घरी आणल्यावर बुंध्याचा तळ अर्धा ते एक इंच कापा, नाहीतर चिकाने बंद झालेला बुंधा पाणी ओढत नाही. बुंध्याच्या व्यासाच्या दर इंचामागे साधारण एक लिटर पाणी मावेल असं स्टँड लागतं. पहिल्या दिवशी झाड बरंच पाणी पितं, संध्याकाळी पुन्हा बघा. पाणी एकदा कापलेल्या टोकाच्या खाली गेलं की टोक पुन्हा बंद होतं आणि नंतर कितीही ओतलं तरी उपयोग नाही.

दिव्यांत दोन आकार लक्षात ठेवायचे, सी-सात आणि सी-नऊ. सी-सात म्हणजे अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा, ज्योतीच्या आकाराचा बल्ब, ई-बारा बैठकीचा. सी-नऊ त्याहून मोठा, ई-सतरा बैठकीचा, तो घराच्या वळचणीला आणि अंगणातल्या झाडाला. घरातल्या सहा फुटी झाडाला सी-सात बास. पंचवीस बल्बांच्या, फुटाफुटावर होल्डर असलेल्या तीन माळा लागतात. तांदूळदिव्यांच्या हिशेबाने याच झाडावर पाच-सहाशे दिवे लावले जातात, म्हणून पंचाहत्तर ऐकून कमी वाटतं. लावल्यावर कमी वाटत नाही.

तापणारे बल्ब की एलईडी? दिसायला तापणारे बल्ब अजूनही सरस, रंगीत काचेतून येणारा तो उजेड वेगळाच असतो. पण पाच वॉटचे पंचवीस म्हणजे एका माळेला सव्वाशे वॉट, तीन माळांना पावणेचारशे, आणि प्रत्येक बल्ब हात भाजेल इतका गरम. गोळ्याचं जुनं रोगण त्या उष्णतेने तडकतं, प्लास्टिकच्या झिरमिळ्या चिकटतात, सुकलेली फांदी तर सरळ धोकाच. बल्ब आणि गोळा यांत दोन इंचांचं अंतर ठेवा. हे सांभाळणं होणार नसेल तर एलईडी घ्या, पण कंगोरे पाडलेल्या प्लास्टिकच्या बल्बांना हात लावू नका. गुळगुळीत काचेचे, आत तंतूसारखी पट्टी असलेले किंवा दुधी रंग दिलेले एलईडी सी-सात मिळतात, ते दहा फुटांवरून ओळखू येत नाहीत. माळ घेताना तिच्यासमोर हात जोरात हलवून बघा. हाताच्या सावलीचे तुकडे पडलेले दिसले तर माळ वीजप्रवाहाच्या अर्ध्या लहरीवरच चालते. असल्या उजेडात संध्याकाळभर बसल्यावर डोकं चढतं.

जुन्या माळा, म्हणजे कापडाच्या वेटोळ्याची किंवा कडक झालेल्या रबराची वायर असलेल्या, शोभेला ठेवा. प्लगमध्ये घालू नका. जुने सी-सात बल्ब मात्र चालू असतील तर नव्या माळेत खुशाल वापरा, बैठक तीच आहे. सी-सहा नावाचे आणखी जुने, निमुळते बल्ब आठ-आठच्या माळेत येत. १२० व्होल्ट आठांत वाटलेले, प्रत्येकाला १५. त्यातला एक गेला की सगळी माळ अंधारात आणि मग एकेक बल्ब बदलून चोर शोधायचा. हौस असेल त्यांनी करावं.

बल्बांमागे लावायची पत्र्याची फुलं, म्हणजे रिफ्लेक्टर, नवीन मिळतात आणि फार स्वस्तात फार मोठा बदल करतात. होल्डरवरून सरकवायची आणि वर बल्ब घट्ट करायचा. सगळ्यांना लावू नका, दर तिसऱ्या बल्बाला पुरे.

बुडबुड्यांचे दिवे हा नोमा कंपनीने १९४६ मध्ये बाजारात आणलेला प्रकार. काचेच्या नळीत मिथिलीन क्लोराइड असतं. ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, त्यामुळे खालच्या बल्बाच्या उबेनेच बुडबुडे सुटतात. यांत एलईडी बल्ब घालून चालणार नाही, ऊबच मिळणार नाही. नळी अगदी उभी हवी, जरा तिरकी झाली की बुडबुडे थांबतात. म्हणून होल्डर डहाळीला मागून तारेने बांधा, नुसत्या चिमट्यावर सोडू नका. लावल्यावर पाच-दहा मिनिटं वाट पाहा. त्यानंतरही एखादी नळी सुस्त असेल तर तिला हाताने ऊब द्या, बहुतेक वेळा ती चालू होते. नळी फुटली तर खिडकी उघडा, द्रव हाताला लागू देऊ नका, लहान मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा. सहा फुटी झाडाला आठ-दहा नळ्या खूप झाल्या.

भारतात हे दिवे वापरणाऱ्यांनी व्होल्टेजकडे आधी बघावं. अमेरिकेतून कोणी आणलेली १२० व्होल्टची माळ आपल्या २३० व्होल्टवर लावली की पहिल्याच सेकंदाला जाते. व्होल्टेज उतरवणारा (स्टेप-डाउन) ट्रान्सफॉर्मर लागतो. एलईडीच्या तीन माळांना शंभर व्हीए क्षमतेचा पुरतो, तापणाऱ्या तीन माळांना पाचशेचा घ्यावा लागतो आणि तो अंगानेच अवजड असतो. आपल्याकडचा रंगीत झीरोचा बल्ब रंगाने या झाडाच्या जवळचा आहे, पण होल्डरसकट त्याचं वजन फांदी वाकवतं. त्याची माळ गॅलरीत किंवा दारावर लावावी.

चढवण्याचा क्रम

आधी दिवे, मग मण्यांच्या माळा, मग मोठे गोळे, मग लहान, मग आकृत्या, शेंड्याचा तुरा, आणि सगळ्यात शेवटी झिरमिळ्या. दिवे खालून वर आणि बुंध्याकडून टोकाकडे न्यायचे, नुसते बाहेरून गुंडाळायचे नाहीत. दर चार बल्बांपैकी एक आत, बुंध्याजवळ राहिला पाहिजे. आतून उजेड आला की मगच मुलाम्याचे गोळे जिवंत होतात.

सहा फुटी झाडाला पाच-सहा डझन गोळे पुरतात. सव्वातीन इंची मोठे सहा-आठ घ्यावेत आणि ते आत, खालच्या दोन मजल्यांवर टांगावेत. सव्वादोन इंची तीन-साडेतीन डझन मधल्या पट्ट्यात. पावणेदोन इंची दीड-दोन डझन वरच्या तिसऱ्या भागात. एकाच रंगाचे दोन गोळे शेजारी आले तर चालतात, उलट तसे थोडे आलेच पाहिजेत. रंगांची मोजूनमापून केलेली पेरणी ही अलीकडची खोड आहे.

गोळ्याच्या आकड्याचं वरचं टोक डहाळीभोवती एक पूर्ण वळण देऊन चिमटा. मोकळा अडकवलेला आकडा घरातल्या मांजराला किंवा दार आपटण्याला पुरून उरत नाही. आकडे हिरव्या रंगाच्या बारीक तारेचे घ्या. सोनेरी नक्षीदार आकडे या झाडावर परके दिसतात.

शेंड्याचा काचेचा तुरा हमखास कलतो, कारण वरची डहाळी त्याच्या भोकापेक्षा बारीक असते. सहा ते आठ मिलिमीटर जाडीची, आठेक इंच लांब लाकडी काठी शेंड्याला हिरव्या तारेने दोन ठिकाणी बांधा, वर हिरवी टेप गुंडाळून भोकात घट्ट बसेल इतकी जाडी करा आणि तुरा त्यावर बसवा. तुरा सरळ उभा आहे हे खोलीच्या दाराशी जाऊन ठरवा, झाडाखालून ते कळत नाही.

झिरमिळ्यांवर थोडं सविस्तर, कारण जुनेपणाचा सगळा भास शेवटी त्यांच्यावर येऊन ठेपतो. जुन्या झिरमिळ्या शिशाच्या होत्या. जड असल्याने ओळंब्यासारख्या सरळ लोंबत आणि वाऱ्याने हलत नसत. १९७२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांना मुलांच्या दृष्टीने अनावश्यक धोका ठरवलं आणि त्या बाजारातून गेल्या. जुन्या पेट्यांत पुडकी अजून निघतात. हातात घेतल्यावर वजन लागतं, वाकवली तर वाकलेलीच राहते, कागदावर ओढली तर करडी रेघ उमटते. ज्या घरात मुलं किंवा जनावरं आहेत तिथे ती उघडूच नये. इतरांनी वापरली तर हात धुवावेत आणि उरलेली पुडक्यात परत ठेवावी, केरात झाडू नये.

आज मिळतात त्या मायलर किंवा पीव्हीसी प्लास्टिकच्या, हलक्या. त्यांना स्थिर वीज चढते, त्या एकमेकींना, भिंतीला, स्वेटरला चिकटतात आणि झाडावर आडव्या उडतात. उपाय दोन. खोलीत हवा फार कोरडी असेल तर आधी झाडावर पाण्याचा अगदी बारीक फवारा, अर्थातच दिवे बंद आणि गोळे अजून न लावलेले असताना. आणि झिरमिळी एकेक करून टांगायची, मुठीने फेकायची नाही. डहाळीच्या टोकापासून इंचभर आत, मधोमध दुमडून, दोन्ही बाजू सारख्या लोंबतील अशी. सहा फुटी झाडाला पाचशेच्या आसपास, दोन माणसांना संध्याकाळभराचं काम. मुठीने फेकलेली झिरमिळी जाळ्यासारखी दिसते आणि खालचे सगळे गोळे झाकते. मांजर असेल तर हा टप्पाच वगळा. गिळलेली झिरमिळी आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियेपर्यंत जाते.

‘एंजल हेअर’ म्हणून मिळणारे काचेचे केस आणि जुन्या डब्यांतला कृत्रिम बर्फ यांपासून लांब राहा. पहिल्याने हाताला दिवसभर खाज सुटते. दुसऱ्यात १९३० आणि १९४० च्या दशकांत ॲस्बेस्टॉस वापरलं जाई, डबा फेकायचा असला तरी तो न उघडता पिशवीत बांधून द्यावा.

मुंबई-गोव्याकडच्या झाडांवर

नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारं अरौकेरिया या प्रकाराला अनपेक्षितपणे जुळतं. त्याच्या फांद्या मजल्यामजल्याने येतात आणि मध्ये भरपूर रिकामी जागा असते, जर्मनीत एकोणिसाव्या शतकात मेणबत्त्यांसाठी फांद्या लांब लांब ठेवून बनवलेल्या पिसांच्या झाडांसारखी. पण टोकं मऊ असतात, झाड जिवंत असतं. त्यामुळे पावणेदोन इंचापर्यंतचेच गोळे, तेही बुंध्याच्या जवळ, आणि दिवे फक्त एलईडी. सुरूची फांदी कुंडीत रोवून झाड करायची रीत आहे, तिच्यावर काच टांगू नये, ती एकाही मजल्याला आडवी राहत नाही. तिला कागदी मधमाशी-पोळ्याच्या घंटा आणि काश्मिरी कागदाच्या लगद्याचे गोळे. हे काश्मिरी गोळे वजनाला नगण्य, पडले तरी फुटत नाहीत, आणि नक्षीकाम उत्तम. १९५० च्या अमेरिकन झाडावर ते शोभत नाहीत, पिसांच्या किंवा सुरूच्या झाडावर फार शोभतात. भारतात तयार होणारे जाड काचेचे, मुलाम्याचे जड गोळे परदेशात जुने जर्मन ‘कूगेल’ म्हणून चढ्या भावाने विकले जातात. इथे मूळ दराने मिळत असतील तर नवे म्हणून घ्या, चांगले आहेत.

उतरवताना क्रम उलटा, आणि सहा जानेवारीनंतर लांबवू नका. खरं झाड तोवर सुकलेलं असतं आणि डहाळ्या झटक्याने सुटतात, त्याबरोबर गोळे उडतात. गोळे वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई रोगणावर उमटते. बुडबुड्यांचं प्लास्टिकही नको, उन्हाळ्यात ते रोगणाला चिकटतं. आम्लमुक्त पातळ कागद आणि घरं पाडलेला खोका. गोळा घरात टोपण वर करून ठेवा. माळ्यावर पत्र्याखाली किंवा गॅरेजमध्ये ठेवण्यापेक्षा घराच्या आतल्या कपाटात, खालच्या खणात ठेवा. कोकण किनारपट्टीला पावसाळ्यात प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि ऑगस्टच्या सुमारास त्या बदला.